मदत हवी आहे: जुन्या लाकडी टाइपचा फॉन्ट करताना शाईचा फुगवटा किती काढायचा?

नमस्कार मंडळी,

एकोणिसाव्या शतकातल्या लाकडी टाइपच्या (छपाईसाठी लाकडात कोरलेल्या अक्षरांच्या) एका नमुना-पानावरून फॉन्ट करायला घेतलाय. टस्कन वळणाची कॅपिटल अक्षरं आहेत: सेरिफ (दांड्यांच्या टोकांची नक्षी) माशाच्या शेपटीसारखे दुभंगलेले, दांड्याच्या मधोमध टोकदार गाठ आणि उजवीकडे बारीक आडव्या रेघांची सावली. पानावर पूर्ण वर्णमाला नाही, चारच शब्द आहेत. नुसत्या पोस्टरपुरता नको, वेबसाइटच्या मथळ्यांनाही चालेल असा फॉन्ट हवाय.

१२०० डीपीआयला स्कॅन करून इंकस्केप या चित्र काढायच्या प्रोग्रॅममध्ये आपोआप ट्रेस केलं, तर एकट्या 'आर'च्या कडेवर सहाशेच्या वर पॉइंट! शाईचा प्रत्येक शिंतोडा त्यानं इमानेइतबारे उतरवला. सगळं पुसून हातानं काढला, तो चाळीस पॉइंटांत बसला.

घोडं अडलंय ते दुभंगाच्या बेचक्यात. छपाईत ते गोल दिसतं. पण ही गोलाई शाईची की कोरणाऱ्याची? १८२७ मध्ये अमेरिकेतल्या डॅरियस वेल्सनं लाकडी टाइपसाठी राउटर (फिरत्या पात्यानं लाकूड कोरणारं यंत्र) आणला, १८३४ मध्ये लेव्हनवर्थनं त्याला पँटोग्राफ (साचा गिरवून तोच आकार उतरवणारी जोडणी) जोडला. फिरतं पातं आतल्या कोपऱ्यात गोलाई ठेवणारच. पण नंतर असे कोपरे सुरीनं साफही करत. टोकदार केलं की अक्षर कालच जन्मल्यासारखं दिसतं, गोल ठेवलं की मळकट.

दुसरं, सावलीच्या रेघा २४ पिक्सेलला चिकटून राखाडी पट्टा होतो. काय करू?

प्रतिसाद १
पानावर एकच अक्षर दोन-तीनदा आलंय का? ते तुकडे वेगवेगळे, पण कोरलेले एकाच साच्यावरून. स्कॅन एकमेकांवर ठेवा. जे सगळ्यांत सारखं ते साच्याचं, जे बदलतं ते शाईचं, दाबाचं नाहीतर झिजेचं. एका छापावर कधीच विसंबू नका.

प्रतिसाद २
सावली वेगळ्या फॉन्टमध्ये टाका. दोन्हीकडे ॲडव्हान्स विड्थ (अक्षरानं ओळीत घेतलेली रुंदी) आणि कर्निंग (अक्षरांच्या जोड्यांमधलं अंतर) तंतोतंत सारखं हवं, नाहीतर थर सरकतात. दोन रंगांचा लाकडी टाइप असाच वेगळ्या ठोकळ्यांनी छापत. लहान आकाराला फक्त मुख्य अक्षर वापरा. रेघा बारीक करत बसू नका, कमी करा: नवाच्या पाच.

धागाकर्ता
आभार! 'ई' तीनदा आहे. तिन्ही एकमेकांवर ठेवले. एकात बेचकं पार बुजलंय, दोघांत टोक बऱ्यापैकी शाबूत. म्हणजे सुरी फिरली होती. टोकदारच ठेवतोय, फक्त अगदी तळाशी केसभर गोलाई. सावलीही वेगळी काढली.

आता 'क्यू' आणि ॲट चिन्ह. 'क्यू' पानावर नाहीच, 'ओ'ला शेपूट लावून भागेल. पण ॲटला सेरिफच नाही, तर दुभंगवू काय?