पातालपानीच्या दरीत कुत्र्याला न्यावे का?

प्रश्न (इंदूरकर): आम्ही महूजवळ राहतो. आमची 2 वर्षांची गावठी कुत्री चपळ आहे. पावसाळा ओसरल्यावर तिला घेऊन चोरल नदीच्या काठाने पातालपानीच्या धबधब्याखालील दरीत उतरावे असा विचार आहे. कोणती काळजी घ्यावी?

महूचा रहिवासी: ऑक्टोबर संपेपर्यंत थांबावे. ही नदी वरच्या पठारावर पडलेल्या पावसाने फुगते, त्यामुळे दरीत लख्ख ऊन असतानाही पाण्याचा लोंढा अचानक येऊ शकतो. जुलै 2011 मध्ये येथेच काही सहलकरी असे वाहून गेले होते. पाणी एकाएकी गढूळ झाले किंवा त्यातून काटक्या येऊ लागल्या, तर फोटो काढत न बसता तत्काळ उंचावर जावे. कुत्रीला गळपट्ट्याऐवजी छातीपट्टा घालावा, म्हणजे निसरड्या खडकावर तिला सावरताना गळा आवळला जात नाही.

श्वानपालक: साचलेल्या डबक्यातले पाणी तिला पिऊ देऊ नका. उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो आणि तो माणसांनाही होऊ शकतो. लस दिली नसल्यास आधी पशुवैद्यांना विचारा. परतल्यावर कान आणि बोटांमधल्या फटी गोचिडांसाठी तपासा. (आमच्या कुत्र्याच्या कानात 3 सापडल्या होत्या!)

प्रश्नकर्ता: आभारी आहे. छातीपट्टा आजच आणतो. दरीचा बेत मात्र नोव्हेंबरवर ढकलला आहे.