मदत हवी आहे: सागरवेणी मानेजवळ सैल पडते

लेक सहा वर्षांची, केस खांद्याच्या जरा खाली, सरळ आणि भयंकर निसटते. टाळूपासून सागरवेणी (दोन्ही बाजूंच्या बटा घेत खाली आणायची फ्रेंच वेणी) घालते तेव्हा वरचे तीन-चार पेड छान बसतात. कानामागून खाली आलं की बटा सुटायला लागतात आणि तासाभरात मानेवर नुसता फुगा! केस ओलसर करून पाहिले, वाळल्यावर वेणी आणखी ढिली. तेल लावलं तर पेड हातातच राहत नाहीत. घट्ट ओढलं की रडारड, आणि तसं ओढायचंही नाहीये. स्प्रे, जेल नको. साधी तीनपेडी आणि खजुरी नीट जमते. मानेजवळ बटा घेताना तिची मान खाली ठेवायची की सरळ, आणि प्रत्येक वेळी केस किती घ्यायचे?