महापुरानंतरची शाळा : ऑगस्ट २०१९ चे अनुभव

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा, वारणा आणि पंचगंगा या नद्यांना आलेल्या महापुराने सांगली आणि कोल्हापूर जिल्ह्यांतील अनेक शाळांचे पहिले सत्र मध्येच तुटले. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट असताना पाणी ५७ फुटांच्या वर गेले. घरे, जनावरे आणि ऊस यांच्या नुकसानीवर पुष्कळ लिहिले गेले. शाळा पुन्हा कोणी उभ्या केल्या, हे मात्र फारसे नोंदले गेले नाही. ज्यांनी ते जवळून पाहिले, त्यांनी आपला अनुभव येथे सविस्तर लिहावा, ही मनापासून विनंती. सुरुवात मीच करते.

मी तेव्हा शिरोळ तालुक्यातील एका प्राथमिक शाळेत शिकवत होते. पाणी ओसरल्यावर आम्ही आत गेलो, तेव्हा वर्गांत घोट्याच्या वर गाळ होता, पोषण आहाराच्या तांदळाला कुबट वास सुटला होता आणि कपाटातले जनरल रजिस्टर भिजून विटेसारखे झाले होते. शाळा सोडल्याचा दाखला, जन्मतारखेची नोंद, जातीचा पुरावा हे सारे त्याच रजिस्टरवरून निघत असल्यामुळे ते गेले असते, तर निम्म्या गावाचे कागद अडले असते. चार माता-पालक, ज्यांच्या स्वतःच्या घरांच्या भिंती अजून ओल्या होत्या, रोज दुपारी येऊन बसत. एकीने उलथन्याच्या पातळ कडेने एकेक पान अलगद सोडवायचे, दुसरीने मध्ये वर्तमानपत्र घालायचे, आणि ते ओले झाले की तिसरीने बदलायचे, असे कित्येक दिवस चालले होते. त्यांतल्या एकीला पहिलीच्या प्रवेशांत आपल्या नवऱ्याचे नाव सापडले; ते पान सुकेपर्यंत तिने दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही.

*

मी कवठेमहांकाळ भागातला द्राक्ष बागायतदार आहे. आमच्याकडे दुष्काळ आणि तासाभराच्या अंतरावर महापूर, असे ते दिवस होते. माझ्या बहिणीची मुले सांगलीवाडीत शिकत. भिंतींवरचा गाळ खराट्याने निघत नाही, असे तिने सांगितल्यावर आम्ही तिघांनी फवारणीचे ट्रॅक्टर नेले. ऑक्टोबर छाटणीला वेळ होता, त्यामुळे यंत्रे मोकळीच होती. औषधाचा अंश राहू नये म्हणून टाक्या तीनदा धुतल्या आणि वर्गाची छतापासून फरशीपर्यंत धुलाई केली. शाळेतले पालक पुढे पाणी लोटत होते, त्यांत एक बँकेतले साहेब होते आणि एक हमालही होते.

*

आमचे कुटुंब पूरग्रस्तांच्या छावणीत, दुसऱ्या गावच्या शाळेत होते. आमच्यासाठी वर्ग मोकळे करून त्या गावची मुले देवळात बसत होती, याची जाणीव मला आजही आहे. माझा दुसरीतला मुलगा तीन दिवस बोललाच नव्हता. चौथ्या दिवशी त्याच्या बाई चिखल तुडवत आल्या, साध्या वहीत हातानेच ओळी आखून हजेरीपट केला आणि छावणीतल्या मुलांची नावे एकेक करून पुकारू लागल्या. स्वतःचे नाव येताच तो उठून उभा राहिला आणि ‘हजर’ म्हणाला. त्या वर्षी स्वातंत्र्यदिन आणि राखीपौर्णिमा एकाच दिवशी आली होती. देवळात बसणाऱ्या मुलींनी ध्वजवंदनानंतर आमच्या मुलांना राख्या बांधल्या.

*

मी शाळा व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष होतो. कायद्याने या समितीत तीन-चतुर्थांश पालक असतात, पण तोपर्यंत आमचे काम सही करण्यापुरतेच होते, हे मान्य करतो. पुरानंतर वह्यांचे ढीग मुख्य रस्त्यालगतच्या शाळांत साचले आणि आडवाटेच्या वस्त्यांवर कोणी पोहोचेना, म्हणून आम्ही घरोघर फिरून कोणत्या मुलाला काय हवे, याची यादी केली. वह्यांपेक्षा चपला आणि अंथरूण जास्त लागत होते. जी मुले मामाच्या किंवा आत्याच्या गावी गेली होती, त्यांना दाखल्याची अट न घालता तिथल्या वर्गात बसू द्यावे, यासाठी आम्ही मुख्याध्यापकांची पत्रे घेऊन स्वतः गेलो. दिवाळीपर्यंत बहुतेक मुले परतली. दोन कुटुंबे कायमची गेली, आणि ती मला आजही आठवतात.

*

मी त्या वर्षी दहावीला होते. माझ्या सगळ्या वह्या गेल्या होत्या. आमच्या वर्गातल्या ज्या मुलींची घरे उंचावर होती, त्यांच्या आयांनी विषय वाटून घेतले आणि रात्री स्वयंपाक आवरल्यावर आमच्यासाठी वह्या उतरवून काढल्या. भूगोलाची वही मैत्रिणीच्या आईने नकाशांसह करून दिली होती. सह्याद्रीची रांग तपकिरी, नद्या निळ्या. मार्च २०२० मध्ये करोनामुळे भूगोलाचाच पेपर पुढे ढकलला गेला आणि एप्रिलमध्ये तो रद्द झाला. ती वही मी ठेवली आहे, आणि तिच्यावर माझे नाव काकूंच्याच अक्षरात आहे.