एचएसजी तपासणीनंतर पोटदुखी आणि डाग : काय काळजी घ्यावी?

प्रश्न : काल सकाळी माझी एचएसजी झाली, म्हणजे गर्भपिशवीत औषध सोडून ती आणि तिच्या नळ्या (गर्भनलिका) यांचा एक्स-रे काढला. गर्भपिशवीत औषध सोडताना ओटीपोटात जोराची कळ आली आणि उठून बसल्यावर गरगरले. आज पॅडवर फिकट लाल डाग आणि चिकट स्राव दिसतो आहे, कंबरही भरून आली आहे. डॉक्टरांनी प्रतिजैविकाच्या गोळ्या लिहून दिल्या आहेत. पण ताप नसताना त्या घ्याव्यात का? या महिन्यात गर्भधारणेसाठी प्रयत्न केला तर चालेल का?

उत्तर १ : ताई, मी स्त्रीरोग विभागात परिचारिका आहे. चिकट स्राव म्हणजे बहुतेक वेळा त्या औषधाचाच बाहेर आलेला भाग असतो. नळ्यांतून पोटात उतरलेले औषध शरीर शोषून घेते आणि ते लघवीवाटे निघून जाते. हलके डाग आणि पाळीसारख्या कळा एक-दोन दिवस राहतात. दुखणे रोज थोडे कमी होत गेले पाहिजे, यावर माझा सर्वांत जास्त भर आहे. ते वाढत गेले, १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप आला, स्रावाला दुर्गंधी आली किंवा तासाभरात पॅड पूर्ण भिजू लागला, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठा. अंगावर पित्त उठणे, ओठ सुजणे किंवा श्वास लागणे ही तपासणीत सोडलेल्या आयोडीनयुक्त औषधाची ॲलर्जी असू शकते. तेव्हा तर क्षणभरही थांबू नये. गोळ्या जंतुसंसर्ग टाळण्यासाठी दिलेल्या असतात, म्हणून ताप नसला तरी त्या पूर्ण करा. डाग थांबेपर्यंत पॅडच वापरा आणि एक-दोन दिवस संबंध टाळा. अंथरुणाला खिळून राहण्याची मात्र गरज नाही.

उत्तर २ : अहवालात नळी फुगून तिच्यात पाणी साठल्याचे लिहिले असेल, तर संसर्गाचा धोका नेहमीपेक्षा जास्त असतो. माझ्या बहिणीचे तसेच होते. तिला थंडी वाजून ताप आला आणि दाखल करून शिरेतून औषधे द्यावी लागली. थायरॉइडचा त्रास असल्यास तेही डॉक्टरांच्या कानावर घाला, कारण आयोडीनमुळे ते बिघडू शकते.

उत्तर ३ : संसर्ग नसेल आणि डॉक्टरांनी मनाई केली नसेल, तर याच महिन्यात प्रयत्न करता येतो. मात्र नळीत दोष असताना दिवस राहिले, तर गर्भ नळीतच रुजण्याची शक्यता वाढते; म्हणून चाचणी सकारात्मक येताच डॉक्टरांना कळवून सोनोग्राफी कधी करायची ते ठरवून घ्या.