मदत हवी आहे : कॅनव्हासवर भरलेल्या किप्प्याला घुमटाचा आकार कसा द्यावा?

नमस्कार. माझ्या भाच्याचा बार मित्स्वा (तेराव्या वर्षी मुलगा वयात आल्याचा ज्यू विधी) ठाण्याच्या शाआर हाशामाईम सिनेगॉगमध्ये होणार असून, सेफेर तोरासमोर (ज्यू धर्मग्रंथ तोराच्या हस्तलिखित गुंडाळीसमोर) उभा राहताना त्याने घालावयाचा किप्पा, म्हणजे ज्यू पुरुषांची छोटी गोल टोपी, मी भरतकाम करून द्यावा, असे घरात ठरले आहे. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणात वसलेल्या ज्यू समाजातले. आमच्याकडे बहुतेक किप्पे मखमलीचे किंवा क्रोशाने विणलेले असतात. अमेरिकेतील ज्यू स्त्रिया कॅनव्हासवर (भरतकामाच्या जाळीदार कापडावर) एकही भोक मोकळे न ठेवता भरतात तसा किप्पा आमच्या घरात अद्याप कोणी केलेला नाही.

लोकर आणि लिनन एकत्र वापरू नये, हा शात्नेझचा नियम तोरातच (लेवीय १९:१९, अनुवाद २२:११) असल्यामुळे कॅनव्हास लिननचा नाही याची आधी खात्री करून घेतली. तो सुती असून इंचाला १८ भोके आहेत. लोकरही घेतलेली नाही; सहा पदरी सुती दोऱ्याचे चार पदर आणि बोथट टोकाची २२ नंबरची सुई वापरणार आहे. नक्षीत कडेने डाळिंबांची वेल आणि वर चार माड आहेत, कारण आमचे पूर्वज कोकणात अलिबागजवळच्या नौगावच्या किनाऱ्याला लागले असे आम्ही मानतो आणि तो किनारा माडांशिवाय डोळ्यांसमोर येत नाही.

अडचण आकाराची आहे. मध्यापासून कडेपर्यंत साडेतीन इंच धरले, तर सपाट वर्तुळाचा परीघ सुमारे २२ इंच होतो. पण घुमटाकार किप्प्याची कड साडेएकोणीस इंचांच्या आसपास हवी. उरलेले अडीच इंच चार टक्सांत (दुमडून शिवलेल्या निमुळत्या चुण्यांत) वाटले, तर प्रत्येक टक्स कडेला सुमारे अकरा भोके रुंद होतो आणि डाळिंबांची वेल चार ठिकाणी तुटते. याऐवजी चार सुट्या कळ्या (वर निमुळते होणारे पाकळीसारखे तुकडे) भरून जोडाव्यात का? तसे केल्यास शिवणीतून पांढरा कॅनव्हास डोकावणार नाही, यासाठी काय करावे? शिवाय एकाच दिशेने तिरके पडणारे टाके कापडाला ओढून चौकोनाचा शंकरपाळा करतात, असे वाचले आहे. त्यावर उपाय आहे का? अनुभवी मंडळींनी कृपया सविस्तर लिहावे.

प्रतिसाद :

ताई, चार माड आहेत म्हटल्यावर चार कळ्याच कराव्यात; वर्तुळ आणि टक्स यांच्या वाटेला जाऊ नये. वेलीची आखणी अशी करावी की प्रत्येक शिवणीवर देठ किंवा पान येईल, डाळिंब येणार नाही. चारही कळ्या एकाच कॅनव्हासवर, परस्परांत किमान चार इंच मोकळी जागा सोडून आखाव्यात आणि भरून, ताणून, वाळवून झाल्याशिवाय कात्री लावू नये.

ओढीचा प्रश्न टाक्याच्या निवडीने बराच सुटतो. आडव्या ओळींत भरत गेल्यास कापड सर्वाधिक तिरके होते. त्याऐवजी कोपऱ्यापासून कोपऱ्याकडे, एक ओळ चढती व एक उतरती अशी भरावी. मागच्या बाजूला टोपलीच्या विणीसारखी वीण दिसू लागली की टाका बरोबर पडतो आहे असे समजावे. दोरा थोडा अधिक लागतो, पण कापड सरळ राहते. काम चौकटीवर ताणूनच करावे.

भरून झाल्यावर दोऱ्याचा रंग जातो का, हे ओल्या पांढऱ्या फडक्याने तपासावे. डाळिंबाचा लाल रंग हमखास दगा देतो. मग कॅनव्हास किंचित ओला करून, काटकोन साधत, गंज न चढणाऱ्या टाचण्यांनी फळीवर ठोकावा आणि पूर्ण वाळू द्यावा. कॅनव्हासमधील खळ ओलाव्याने सैल होते आणि वाळताना तो आकार धरून ठेवते. त्यानंतर प्रत्येक कळीभोवती मशीनची झिगझॅग शिलाई मारून, अर्धा इंच माया (शिवणीसाठीचे जादा कापड) ठेवून कापावे.

शिवण भरलेल्या भागाच्या कडेवर घालू नये; एक धागा आत, म्हणजे शेवटच्या टाक्यांच्या ओळीतून घालावी. कॅनव्हास डोकावतो तो याच एका धाग्यामुळे. शिवण झाल्यावर माया पाव इंचावर आणून दोन्ही बाजूंना उघडून टाचावी. चार टोके जिथे मिळतात तिथे गाठोडे होतेच, ते कापडाने मढवलेल्या बटणाखाली झाकावे. अस्तर सॅटिनचे, त्याच चार कळ्यांचे, पण किंचित लहान बेतावे, नाहीतर आत चुण्या पडतात. कडेला उरेब (तिरक्या कापलेल्या) पट्टीचा गोट लावावा. सरळ पट्टी त्या गोलाईवर बसत नाही. भाच्याचे नाव हिब्रूत घालायचे असल्यास ते अस्तरावर भरावे, आणि तेही अस्तर जोडण्यापूर्वी.