डिग्री खरी, डॉक्टर खरा, पण सांगतो ते खोटं. काय करायचं? (कोल्हापूर)

नमस्कार मंडळी,

भोंदूबाबा आणि जडीबुटीवाल्यांवर इथे ढीगभर धागे आहेत. माझी अडचण वेगळी आहे. आमचे डॉक्टर रीतसर एमबीबीएस आहेत आणि त्यांच्या हाताला गुण आहे.

दवाखाना कोल्हापुरात, एका पेठेत. नाव लिहिणार नाही, कृपया कोणी अंदाजही बांधू नका. २०१९ च्या महापुरात स्वतःच्या दवाखान्यात पाणी शिरलेलं असताना हे गृहस्थ शाळेच्या व्हरांड्यात टेबल टाकून लोकांना तपासत होते, लेप्टोच्या (पुराच्या घाण पाण्यातून होणारा ताप) गोळ्या फुकट वाटत होते. आजीचा हार्ट अटॅक त्यांनीच ओळखला आणि वेळेत पुढे पाठवलं. त्यामुळे घरात आण्णांसमोर त्यांच्याविरुद्ध शब्द काढायची सोय नाही.

कोरोनानंतर मात्र गाडी भलतीकडे वळली. आधी लशीबद्दल शंका, मग लशीत चिप, आणि आता 'डायबेटीस हा कंपन्यांनी तयार केलेला रोग आहे'. पेशंटांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज सकाळी व्हिडिओ पडतात. वेटिंग रूमच्या टीव्हीवर पूर्वी बातम्या लागायच्या, आता तिथेही हेच बोलत असतात.

आण्णांची मेटफॉर्मिन (डायबेटीसची गोळी) त्यांनी बंद केली, 'किडनी जाईल' म्हणून. त्याऐवजी एक पुडी दिली. पांढरा कागद, वर स्टेपलरची पिन, पेनने 'स/सं' लिहिलेलं. नाव नाही, घटक नाहीत, तारीख नाही. महिन्याला अडीच हजार. तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी) साडेसातवरून दहाच्या वर गेली. त्यावर डॉक्टरांचं उत्तर, शरीर विष बाहेर टाकतंय म्हणून वाढलेली दिसते! मी बोललो तर आण्णा म्हणतात, "तू डाक्टर हाईस काय? त्येनं तुझ्या आजीला वाचिवलंय."

दुसरी काळजी ताईच्या बाळाची. बाळ दीड वर्षाचं झालं, गोवर-रुबेलाचा दुसरा डोस १६ ते २४ महिन्यांत द्यायचा असतो. ताईच्या सासूबाई अडून बसल्यात, कारण डॉक्टरांनी ग्रुपवर सांगितलं की या लशीने मुलं ऑटिस्टिक होतात, इंग्लंडच्या डॉक्टरने सिद्ध केलंय. हा अँड्र्यू वेकफील्ड. १९९८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये अवघ्या १२ मुलांवर निबंध छापला. २०१० मध्ये नियतकालिकाने तो मागे घेतला आणि त्याच वर्षी त्याचं नाव ब्रिटनच्या डॉक्टरांच्या नोंदणीतून काढलं गेलं. डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांवर मुलांचा अभ्यास होऊन २०१९ मध्ये निष्कर्ष आला, संबंध नाही. हे सगळं मी सासूबाईंना समजावलं. त्या म्हणाल्या, "बघ, खरं बोलला म्हणून कंपन्यांनी त्याला घालवला." आता यावर काय बोलणार?

निव्वळ खोटं बोलत असते तर सोपं होतं. भाचीच्या एचपीव्ही लशीचा (गर्भाशयमुखाच्या कॅन्सरविरुद्धची) विषय निघाला तेव्हा म्हणाले, आंध्र-गुजरातमध्ये या लशीच्या प्रयोगात मुली गेल्या. सात मुली गेल्या हे खरं आहे, २०१० मध्ये सरकारने ते काम थांबवलं हेही खरं. पण चौकशीत मृत्यूंची कारणं सर्पदंश, मलेरिया, बुडणं, विषप्राशन अशी निघाली. दोष निघाला तो संमती घेण्याच्या पद्धतीत, आणि तो गंभीरच होता. डॉक्टर पहिलं अर्धं सांगतात आणि थांबतात.

तर, आण्णांचा मान राखून त्यांना गोळीवर परत कसं आणायचं? आणि तक्रार केली तर ती कुठे? एवढ्या जुन्या माणसाची तक्रार करावी का, हाही प्रश्न आहेच.

प्रतिसाद – निवृत्त सिस्टर

व्हिडिओवर वाद घालू नका, हरणार तुम्हीच. मी करवीर तालुक्यात लसीकरणात आयुष्य घालवलं. आण्णांना घेऊन जा आणि नम्रपणे म्हणा, "डॉक्टरसाहेब, मेटफॉर्मिन बंद करा आणि ही पुडी घ्या, असं तुमच्या लेटरहेडवर सहीनिशी लिहून द्या. पुडीत काय आहे तेही लिहा." लिहून दिलं तर तुमच्या हातात कागद आला. नाही दिलं तर आण्णा समोर बसून बघतील. मेटफॉर्मिनने किडनी बिघडत नाही. किडनी आधीच कमजोर असेल तर डोस कमी किंवा बंद करतात. क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) तपासून घ्या आणि फिजिशियनला दाखवा. पण हे सगळं लगेच, साखर दहाच्या वर म्हणजे थांबायची वेळ नाही.

बाळाचं सासूबाईंना एवढंच सांगा की ऑटिझमची लक्षणं साधारण याच वयात नजरेत भरायला लागतात, लस घेतलेल्या मुलांत आणि न घेतलेल्यांतही.

प्रतिसाद – वकीलसाहेब (गडहिंग्लज)

एमबीबीएस असतील तर तक्रार मुंबईला महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे. लेटरहेडवर नोंदणी क्रमांक असायलाच हवा, तो टिपून घ्या. २००२ च्या आचारसंहितेत घटक ठाऊक नसलेली गुप्त औषधं देणं अनैतिक ठरवलंय, म्हणजे तुमची पुडी हाच तुमचा सगळ्यात भक्कम मुद्दा. चिपबिपच्या नादी लागू नका, तिथे ते 'माझं मत' म्हणून सुटतील. डायबेटीस बरा करतो अशी जाहिरात करत असतील तर १९५४ चा औषधं आणि जादुई उपायांच्या आक्षेपार्ह जाहिरातींचा कायदाही लागतो, त्यासाठी अन्न व औषध प्रशासन. अशा बिननावाच्या पुड्यांत कधीकधी ॲलोपॅथीचीच गोळी कुटून घातलेली सापडते, त्यामुळे एक-दोन पुड्या न उघडता जपून ठेवा. ग्रुपवरचे मेसेज तारखेसकट सेव्ह करा. आणि इथे किंवा फेसबुकवर नाव टाकू नका, अब्रुनुकसानीची नोटीस तुम्हालाच येईल.

प्रतिसाद – रांगडा गडी

बाकीचे डॉक्टर लई सज्जन हैत काय? कट प्रॅक्टिस, पेशंट धाडून कमिशन खायचं, कोण करतंय मग? ह्यो निदान कंपन्यांच्या विरुद्ध बोलतोय की.

धागाकर्ता

@रांगडा गडी, भावा, कट प्रॅक्टिस आहे, नाही कोण म्हणतंय? पण कंपनीच्या गोळीवर नाव, किंमत, तारीख तरी छापलेली असते. मेटफॉर्मिनला महिन्याला जितके पैसे जात होते त्याच्या कितीतरी पट ती पुडी खाते, आणि विकणारा व लिहून देणारा एकच माणूस आहे.

सिस्टर, लेखी मागायची कल्पना आण्णांना चक्क पटली. "मागून बघ की, देतील ते," म्हणाले. सोमवारी जातोय. फिजिशियनची वेळही घेतली, पण ते आण्णांना अजून सांगितलेलं नाही.

एक राहिलं. ताई सासरहून चार दिवस आमच्याकडे येतेय. बाळाचं लसीकरण कार्ड सासरच्या आरोग्य केंद्राचं आहे. त्या कार्डावर इथे सीपीआरमध्ये (कोल्हापूरचं सरकारी रुग्णालय) डोस देतील का, आणि तिथे लसीकरण कुठल्या वारी असतं? कोणाला नक्की माहीत असेल तर सांगा, सासूबाईंचा फोन यायच्या आत उरकायचंय.