आक्षीच्या किनाऱ्यावरील पक्ष्यांची छायाचित्रे काळपट आणि निळसर का येतात?

प्रश्न

नमस्कार. गेले दोन हिवाळे मी सुट्टीच्या दिवशी अलिबागजवळच्या आक्षीच्या किनाऱ्यावर पक्ष्यांची छायाचित्रे काढायला जातो. माझ्याकडे क्रॉप सेन्सरचा कॅमेरा आणि १५०-६०० मिमीची झूम लेन्स आहे. मुंबईहून पोहोचेपर्यंत दुपार होते, त्यामुळे बहुतेक छायाचित्रे चार वाजल्यापासून सूर्यास्तापर्यंतची असतात. मी अ‍ॅपर्चर प्रायॉरिटी (शटरचा वेग कॅमेऱ्याने ठरवण्याची पद्धत) वापरतो, व्हाइट बॅलन्स (पांढरे पांढरेच दिसावे यासाठीचा रंगतोल) ऑटोवर ठेवतो आणि उभ्याने टिपतो.

अडचण अशी की, पाणी पांढरेफटक होते आणि टिलवे, चिखले हे काठाशी चरणारे छोटे पक्षी काळपट येतात. संगणकावर शॅडो वर ओढल्या (गडद भाग उजळले) की पक्षी दिसू लागतो, पण त्याच्या अंगावर दाणे उमटतात आणि रंग जांभळट होतो. तो घालवण्यासाठी मी पोटाच्या पांढऱ्या पिसांवर ड्रॉपर (रंगाचा नमुना घेणारे साधन) टेकवून व्हाइट बॅलन्स घेतो, तेव्हा संपूर्ण चित्र निळे पडते. चूक कॅमेऱ्याच्या मांडणीत आहे की नंतरच्या रंगदुरुस्तीत, हे कृपया कोणी समजावून सांगाल का?

प्रतिसाद १

तुमची मुख्य अडचण कॅमेऱ्यात नसून वेळेत आहे. आक्षीचा किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे. संध्याकाळी सूर्य समुद्रावर असतो, पक्षी पाण्याच्या काठाशी असतात आणि तुम्ही जमिनीच्या बाजूला असता, म्हणजे पक्ष्याची उजेड पडलेली बाजू समुद्राकडे आणि सावलीतली बाजू तुमच्याकडे राहते. त्या सावलीत सेन्सरला मुळात प्रकाशच कमी मिळालेला असतो. शॅडो वर ओढताना त्या तुटपुंज्या प्रकाशासोबत दाणेही मोठे होतात आणि अगदी काळ्या भागांत रंगांचा तोल ढळून जांभळी छटा येते. कोणतीही संगणकप्रणाली तेथे नसलेला तपशील निर्माण करू शकत नाही. पाण्याच्या बाजूने वळसा घालून पलीकडे जाण्याचा मोह होईल, पण तसे केल्यास चरणारा थवा उठतो. ते कृपया टाळावे.

सकाळी चित्र पूर्ण पालटते. सूर्य जमिनीकडून येतो आणि आपली पाठ सुरूच्या बनाकडे असते. हिवाळ्यात सूर्य आग्नेयेकडे उगवतो, म्हणून थव्याच्या दक्षिण टोकाला राहून वायव्येकडे पाहिल्यास उजेड नेमका पाठीमागून पक्ष्यावर पडतो. आपली सावली पक्ष्याच्या दिशेने पडत असेल तर जागा बरोबर आहे असे समजावे. यासाठी आदल्या दिवशी मुक्कामाला जाणे भाग पडते, परंतु नवीन लेन्स घेण्यापेक्षा त्या एका मुक्कामाचा उपयोग अधिक होतो असे माझे ठाम मत आहे.

यासोबत भरतीही पाहावी. ओहोटीच्या वेळी पक्षी दूरवर विखुरलेले असतात. पाणी चढू लागले की ते हळूहळू काठाकडे सरकतात. आपल्याकडील जुना हिशेब तिथीच्या पाऊणपटीचा आहे: एकादशीला अकराची पाऊणपट, म्हणजे सव्वाआठच्या सुमारास भरती, आणि द्वादशीला नऊच्या सुमारास. प्रत्यक्ष वेळ अर्धा-पाऊण तास पुढेमागे होते, म्हणून भरतीचा तक्ता पाहून खात्री करावी. दोन्ही पक्षांतल्या एकादशी-द्वादशीला पाणी चढण्याची वेळ आणि सकाळचा चांगला उजेड एकत्र येतात. अष्टमीच्या आसपास भांगाची (कमी चढणारी) भरती पहाटेच होऊन जाते, आणि पौर्णिमा-अमावस्येला उधाणाचे पाणी दुपारी बाराच्या सुमारास भरते, तेव्हा उजेड डोक्यावर आलेला असतो.

आता कॅमेऱ्याविषयी. पक्ष्यावरचा उजेड स्थिर असताना मॅन्युअल एक्स्पोजर (प्रकाशाची मांडणी स्वतः ठरवून स्थिर) ठेवावे. एखादा चिखल्या काळ्या ओल्या वाळूवरून चमकत्या पाण्यासमोर धावला तर अ‍ॅपर्चर प्रायॉरिटीत कॅमेरा दर वेळी वेगळा निर्णय घेतो, वास्तविक पक्ष्यावरच्या उजेडात काहीच बदल झालेला नसतो. पोटाचा सर्वांत पांढरा भाग हिस्टोग्रामच्या (चित्रातला उजेड-अंधार दाखवणाऱ्या आलेखाच्या) उजव्या कडेला न चिकटता तिच्याजवळ येईल असे एक्स्पोजर घ्यावे. चरणाऱ्या टिलव्यासाठी शटरचा वेग १/१००० च्या खाली नेऊ नये आणि उडणाऱ्या थव्यासाठी १/२५०० तरी असावा. यासाठी आयएसओ (प्रकाशसंवेदनशीलतेचा आकडा) वाढला तरी चालेल, कारण पुरेसा प्रकाश मिळालेल्या चित्रातले दाणे नंतर सहज आवरता येतात. छायाचित्र रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या) स्वरूपातच घ्यावे.

शेवटी उंचीविषयी. जमिनीवर पालथे पडून लेन्स वाळूपासून वीतभर उंचीवर ठेवावी. उभ्याने टिपल्यास पक्ष्याच्या पायांलगतची वाळूच पार्श्वभूमी होते. खालून टिपल्यास पार्श्वभूमी कितीतरी मागे जाऊन मऊ पडते आणि पक्ष्याच्या डोळ्याच्या पातळीवरून त्याचे जग दिसते. मात्र १५ मीटर अंतरावर ६०० मिमी आणि एफ ६.३ या छिद्राच्या मापाला तुमच्या कॅमेऱ्यात स्पष्टतेची खोली (जेवढ्या अंतरातले स्पष्ट येते ती) जेमतेम १५ सेंटिमीटर असते. एका टिलव्याला ती पुरते, पण तीन पक्षी एकामागे एक उभे असतील तर पुरत नाही.

प्रतिसाद २

वरील प्रतिसादाशी मी सहमत आहे. ड्रॉपरमुळे चित्र निळे का पडते, तेवढे स्पष्ट करतो.

पोटाची पिसे पांढरी असली तरी त्यांच्यावर पडणारा प्रकाश थेट सूर्याचा नसतो. तो खालच्या वाळूवरून परावर्तित होऊन येतो आणि पिवळसर-तपकिरी असतो. ड्रॉपर त्या पिवळेपणाला चित्रभरचा दोष समजतो आणि सगळीकडे निळा मिसळतो. उथळ पाण्यात उभ्या पक्ष्याच्या पोटावर आकाशाची निळी छटा येते, तेव्हा उलट चूक होऊन चित्र पिवळे पडते. म्हणून ड्रॉपर टेकवायचाच असेल तर थेट ऊन पडलेल्या पांढऱ्या भागावर, उदाहरणार्थ छातीच्या वरच्या बाजूवर, टेकवावा. मी स्वतः व्हाइट बॅलन्स ५२०० ते ५५०० केल्विनवर स्थिर ठेवतो, सकाळचा सगळा संच त्याच आकड्यावर उघडतो आणि नजरेने थोडा बदल करतो. पहाटेचा सोनेरीपणा हा दोष नाही, तो पूर्ण पुसू नये. डीहेझ (धूसरपणा घालवणारी पट्टी) जपून वापरावे, कारण ते ओढले की रंगही गडद होतात.

रंग जपण्याचे एक गंभीर कारण आहे. या पक्ष्यांची ओळख पुष्कळदा पायांच्या रंगावर ठरते. शिवाय बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीसारख्या संस्था काही पक्ष्यांच्या पायांत रंगीत ध्वज घालतात आणि ध्वजांच्या रंगांच्या जोडीवरून तो पक्षी कोठे पकडून सोडला होता ते कळते. रंगदुरुस्तीत पांढरा ध्वज पिवळा झाला तर हजारो किलोमीटरच्या प्रवासाची नोंद चुकीची होते. असा पक्षी दिसल्यास मूळ फाइल जशीच्या तशी जपून ठेवावी.

पूर्ण झालेले चित्र संकेतस्थळावर टाकताना एसआरजीबीमध्ये (पडद्यांवर सर्रास चालणाऱ्या रंगमांडणीत) निर्यात करावे. अडोबी आरजीबी या दुसऱ्या रंगमांडणीतली फाइल काही ठिकाणी फिकट आणि निस्तेज दिसते, आणि मग माणूस विनाकारण रंग वाढवत बसतो.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. एक शंका आहे. मागच्या महिन्यात आक्षीलाच टिपलेल्या एका टिलव्याचे पाय पिवळसर दिसत आहेत. मी तो टेमिंकचा टिलवा म्हणून नोंदवणार होतो. आता रंगावर विश्वास ठेवावा की नाही, असा प्रश्न पडला आहे.

प्रतिसाद ३

नोंद करण्यापूर्वी थांबावे. छोट्या टिलव्याचे पाय काळे असतात आणि टेमिंकच्या टिलव्याचे पिवळसर-हिरवट. परंतु काळ्या पायांवर ओली वाळू चिकटली आणि वरून चित्र पिवळ्याकडे झुकलेले असले, तर ते सहज पिवळसर भासतात. टेमिंकचा टिलवा प्रामुख्याने गोड्या पाण्याच्या चिखलकाठाला दिसतो. उघड्या समुद्रकिनाऱ्यावर, लाटांच्या कडेला तो क्वचितच असतो. रॉ फाइल उघडून व्हाइट बॅलन्स ५३०० केल्विनवर ठेवा आणि त्याच चित्रातल्या दुसऱ्या पक्ष्यांचे पाय पाहा. तेही पिवळसर असतील तर दोष बहुधा रंगाचा आहे. पंख पसरलेले एखादे चित्र असेल तर शेपटीच्या कडा तपासा, कारण टेमिंकच्या टिलव्याच्या बाहेरच्या पिसांना स्वच्छ पांढरा रंग असतो, तर छोट्या टिलव्याच्या त्या करड्या असतात.

एक गोष्ट राहून गेली आहे. ऊन चढले की ओल्या वाळूवरची हवा थरथरू लागते आणि दूरचा पक्षी कितीही अचूक फोकस केला तरी मऊच येतो. ही थरथर शार्पनिंगने जात नाही. अंतर कमी असणे हाच तिच्यावर उपाय आहे.

प्रश्नकर्ता

मूळ फाइल पाहिली. शेजारच्या चिखल्याचे पायही तसेच पिवळसर आहेत, म्हणून नोंद केली नाही. येत्या द्वादशीला आक्षीला मुक्कामी जात आहे. सकाळी किती वाजता वाळूवर पोहोचावे?

प्रतिसाद १

उजाडण्यापूर्वी पोहोचावे. सूर्योदयानंतरही सुरूच्या बनाची सावली काही काळ वाळूवर पसरलेली असते आणि त्या वेळी छायाचित्रासाठी उजेड पुरेसा नसतो. तोच वेळ जागा धरण्यासाठी वापरावा. पाणी जेथपर्यंत चढणार आहे त्या रेषेच्या थोडे वर, थव्याच्या दक्षिणेला पालथे पडून राहावे आणि त्यानंतर हालचाल करू नये. पाणी चढेल तसे पक्षी आपणहून जवळ येतात.